छोटी चिठ्ठी, लांब चिठ्ठी

३ फेब्रुवारी
एकशे वीस वेळा नाणं उडवलं. अंगठा सुजला!

दातांच्या दवाखान्यात पुढच्या तारखेला कोण परत येतं, हा माझा प्रयोग. छापा पडला तर छोटी चिठ्ठी — नुसती तारीख. काटा पडला तर लांब — तारीख, आणि खाली 'बहुतेक जण ठरल्या दिवशी येतात.' लांबवाले जास्त येतील, हा अंदाज. मला नावं दिसत नाहीत, फक्त क्रमांक. पक्षपात नको.

आई तिथेच झाडलोट करते. तिला बजावलं — कुणाशी बोलायचं नाही. मी कशाला बोलू, म्हणाली. हल्ली एकाच बाजूने चावते. विचारलं तर म्हणे, दुसरीला सुट्टी दिलीय.

१ मार्च
आकडे आले. लांबवाले बासष्टपैकी चाळीस. छोटीवाले अठ्ठावन्नपैकी पंचावन्न! तीनदा मोजले. मार्गदर्शक बाई खूश — अंदाज उलटा पडला, हेच तर नवं; निबंध छापून आला की शिष्यवृत्ती वर्षभर वाढलीच म्हणून समज.

मला धाकधूक. एवढं चांगलं आमच्या घरात होत नाही.

४ मार्च
दवाखान्यात गेले. फाटकाशी आई, हातात झाडू, एका आजोबांची वाट अडवून. नक्की या, पोरीच्या परीक्षेचा प्रश्न आहे! प्रयोग संपलाय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी कबूल झाली. फक्त छोटीवाल्यांनाच गाठायची. वाचता येत नाही, पण लांबी दिसते.

'लांबवाल्यांना दोन शब्द जास्त दिलेस. या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलं होतं? तुम्हा भावंडांना कधी कमी-जास्त वाढलं का मी?'

शाळेत गेलेली घरातली पहिली मी, तेव्हा समजावणं माझ्याकडे. दोन गट कशाला लागतात ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

'म्हणजे एकाला मुद्दाम उपाशी ठेवायचं.'

५ मार्च
सांगितलं तर शिष्यवृत्ती गेली. बाईंच्या दारापर्यंत दोनदा गेले. दोन्ही वेळा पाणी पिऊन परत.

६ मार्च
सांगितलं. बाई म्हणाल्या, 'आकडे केरात. प्रयोग पुन्हा.' शिष्यवृत्तीचं नंतर बघू. निघताना मागून हाक — 'छोटीवाल्यांतल्या न आलेल्या तिघांना तरी विचारून ये. तुझ्या आईला दाद न देणारे आहेत कोण?'

७ मार्च
नोंदणीवरच्या ताईने नावं काढून दिली. एक गावाला गेलेला. एक सुईला घाबरलेला. तिसरी, क्रमांक सत्याहत्तर — आई.

'मावशींची दाढ किती दिवस ठणकतेय,' ताई म्हणाली. 'पण त्यांच्या स्वतःच्या तारखेला फाटक सोडायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, आज बरेच जण यायचेत, एकही चुकायला नको.'