ओठाजवळचा डाग

पवनी
१४ जुलै १९७९

ति. भाऊ यांस,
जिजाचा सा. न. वि. वि.

नोकरी मिळाली! इथल्या मुलींच्या शाळेत, पाचवी ते सातवीला गणित आणि मराठी. मायने शेजारच्या चार घरी साखर वाटली. तुम्ही चिखल्याच्या खाणीत टाइम ऑफिसात लागलात, त्यानंतर घरात एवढा आनंद आजच पाहिला.

मुलाखतीत शेवटी आम्ही दोघीच उरलो होतो. दुसरी बायाबाई, तलावाकाठच्या ढिवरांच्या वस्तीतली. डी.एड.ला तिचे मार्क माझ्याहून पुष्कळ जास्त. पण रंग काळाकुट्ट आणि तोंडभर देवीचे वण. संस्थेचे सेक्रेटरी श्यामराव यांनी तिला अर्धा तास अपूर्णांक विचारले. तिला सगळे आले. मला एक कविता वाचायला सांगितली आणि हसून म्हणाले की झालं. पोरींच्या शाळेत बाई कशी प्रसन्न दिसली पाहिजे, असं ते कमिटीतल्या लोकांना सांगत होते. खरं लिहू का? मला गुदगुल्या झाल्या. बाहेर बायाबाई पायरीवर बसली होती. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी पदर सावरत तशीच निघून आले.

तुम्ही म्हणाल, पोरीला गर्व झाला. झालाच आहे थोडा. किराणावाले गोमाजी आताशा मला बसायला स्टूल देतात. मायला कधी दिलं नाही.

तब्येतीला जपा. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
जिजा


चिखला
२ नोव्हेंबर १९७९

चि. जिजास,
भाऊचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, रागावू नको. तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं, पण पहिला भागच. बाकीचं मनात वाचलं. अपूर्णांक तिला आले आणि नोकरी तुला लागली, यावर मला मोकळेपणी हसता आलं नाही. पण आपल्याच घरचं भलं झालं, म्हणून गप्प बसतो.

इथे पाळी सुटली की माणसं वर येतात ती मँगनीजच्या भुकटीने सगळी एकजात काळी. बायकोसुद्धा नवऱ्याला चालीवरून ओळखते. तुझ्या श्यामरावांना एकदा इथे आणून मुलाखती घ्यायला लावल्या पाहिजेत.

आता खरी बातमी. अड्याळचे धानाचे व्यापारी केशवराव यांचा मुलगा भोजराज याने तुला पवनीच्या बाजारात पाहिलं. त्यांचा निरोप आला आहे की देणंघेणं काही नको, मुलगी तेवढी द्या. माय हरखून गेली आहे. तुझं मत कळव, आणि लाजून दोन ओळींत आटपू नको.

खुशाली लिहीत जा.

तुझा,
ताराचंद भाऊ


पवनी
२० फेब्रुवारी १९८०

ति. भाऊ यांस,
जिजाचा सा. न. वि. वि.

भोजराजांशी माझं साक्षगंध आटोपून तुम्ही परत गेलात आणि पंधरा दिवसांतच ओठाच्या डाव्या कोपऱ्याजवळ एक पांढरा डाग दिसला. आधी मसुरीच्या डाळीएवढा होता, आता चिंचोक्याएवढा झाला आहे. दुसरा उजव्या हाताच्या बोटावर निघाला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले की हे कोड. कुणाला लागत नाही, दुखत नाही, जिवाला काही होत नाही. वाढेल की थांबेल, ते मात्र सांगता येत नाही.

माय रोज बावचीचा लेप लावते. त्याने कातडी भाजून निघाली. तिचं म्हणणं, लग्न मे महिन्यात आहे, तोवर झाकून ठेवू. भोजराजांचं परवाच पत्र आलं. तुझ्या हातचं पाणीही गोड लागेल, असं लिहिलं आहे. वाचताना मी आरशात पाहत होते आणि मला कसंसंच झालं.

तुम्ही सांगाल तसं करीन. लवकर लिहा.

तुमची,
जिजा


चिखला
२७ फेब्रुवारी १९८०

चि. जिजास,
आशीर्वाद.

माय म्हणते ते ऐक. एकदा अक्षता पडल्या की तुला घराबाहेर कोण काढतो? आपला ट्रकवाला भैयाजी पवनीवरून जाणार आहे. त्याच्यासोबत पावडरचा डबा पाठवतो. कातडीच्याच रंगाची आहे, नागपूरहून मागवली.

तू उत्तर देशील की बायाबाईच्या वेळी भाऊ मोठा न्याय सांगत होता. सांगत होतो. ती परक्याची मुलगी होती. तू माझी बहीण आहेस.

पत्र वाचून झालं की फाडून टाक.

ताराचंद


पवनी
१० एप्रिल १९८०

भाऊ,
नमस्कार.

डबा तसाच परत पाठवते आहे. उघडलासुद्धा नाही.

गेल्या गुरुवारी भोजराज आणि त्यांची आई सीताबाई लग्नाचे शालू दाखवायला आले होते. मी पोहे दिले, उजेडात येऊन बसले, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. सीताबाईंनी आधी स्वतःचं लुगडं माझ्यापासून ओढून घेतलं. भोजराजाने अर्धे पोहे खाल्ले होते. तो उठून मोरीत गेला आणि घशात बोट घालून ओकू लागला. मग चुळा. एक, दोन, दहा. मी बाहेर बसून ऐकत होते. हाच माणूस माझ्या हातच्या पाण्याची गोडी लिहीत होता! जाताना सीताबाईंनी साक्षगंधाचं लुगडं मागून घेतलं, त्यावर शिवलेलं पोलकंही. माझ्या अंगाला लागलेलं ते पोलकं त्यांनी चिमटीत धरून पिशवीत टाकलं. माय त्यांच्या पाया पडली. मला त्या दोघांची आली नाही एवढी शिसारी मायला वाकलेली पाहून आली.

शाळेत श्यामरावांनी सांगितलं की प्रार्थनेला पुढे उभ्या राहू नका, मागच्या खोलीत बसून हजेरीपट लिहा, पालक कुरकुर करतात. कोणते पालक, असं विचारलं तर नाव सांगेनात. गोमाजी साखरेची पुडी माझ्या हातात देत नाहीत, फळीवर ठेवून हात मागे घेतात.

पण भाऊ, सगळ्यात जास्त किळस मला माझीच येते. हीच माणसं, हेच डोळे. गेल्या वर्षी हे डोळे माझ्यावर खिळायचे तेव्हा मला गोड वाटायचं.

म्हणून रविवारी बायाबाईकडे गेले. ती आता अड्याळकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मला वाटलं होतं, ती मला जवळ घेईल. तिने चहा दिला आणि विचारलं की आता काहून आली? मी सगळं सांगितलं. ती म्हणाली की तवा मी पायरीवर बसली होती, तू पाहून न पाहिल्यासारखी गेली. आता तुया तोंडावर आलं तं आली. माया वणाचं मले काही नाही वाटत, मी तुयी सोबतीण नाही होत.

मी म्हटलं की ती जागा तुमचीच होती, मी राजीनामा देते. त्यावर ती अशी भडकली! म्हणे, राजीनामा देऊन त्या श्यामरावले कायले खुश करून राहिली? तो दुसरी गोरी आणून बसवन. काही करायचंच असन तं तिथंच राय अन् पोरींले अपूर्णांक शिकव. तुले तरी येते काय?

मला नीट येत नव्हते. तिने पाटी काढली आणि दोन तास बसवून शिकवले. चुकले की खेकसत होती. निघताना पुन्हा ये म्हणाली नाही.

सोमवारी मी प्रार्थनेला पुढे उभी राहिले. श्यामराव लालबुंद झाले. मी एवढंच म्हटलं की मनाई असेल तर लेखी द्या. लेखी अजून आलं नाही.

तुम्ही पत्र फाडायला सांगितलं होतं. मी ते जपून ठेवलं आहे.

जिजा


चिखला
८ मार्च १९८१

चि. जिजास,
भाऊचे आशीर्वाद, तुला घ्यावेसे वाटले तर.

तुझ्या वर्गाचा गणिताचा निकाल यंदा सगळ्यांत वर लागणार, असं माय सांगत होती. श्यामरावांनी तरीही तुला कायम केलं नाही, हेही तिनेच सांगितलं. तू मला वर्षभरात दोन कार्डं टाकलीस, दोन्हींत फक्त खुशाली. ठीक आहे. आज मीच लिहितो.

मागच्या रविवारी माय मावशीकडे जाते म्हणून निघाली. ती मावशीकडे गेली नव्हती. आम्ही दोघं तुमसरला माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो. तुला सांगायचं नाही, असं मायने ठरवलं. तुझा चेहरा पाहून सोयरीक मोडेल, अशी तिला भीती होती. मी हो म्हणालो.

मुलीचं नाव शकुन. आम्ही तिला चालून दाखव म्हटलं, केस सोडून दाखव म्हटलं. हात पालथे-उलथे करून पाहिले. बाजारात बैल पाहतात तसं मी तिला पाहिलं, जिजा, आणि तिच्या बापाने हसत पाहू दिलं. मग त्याने विचारलं की घरात कोण कोण आहे. मी म्हणालो, माय आणि मी.

बोलून गेलो. समोर चहा होता, तो तोंडापाशी नेववेना. मोरीत ओकणाऱ्या त्या भोजराजाला मी वर्षभर शिव्या घालत होतो. त्याने तुझ्या हातचं ओकून काढलं आणि मी तुलाच. मी म्हटलं की चुकलो. मला एक बहीण आहे, जिजा, शिक्षिका आहे. तिला कोड आहे, आणि म्हणून मी आत्ता तिला लपवली.

शकुनच्या बापाने पानाचा डबा मिटला आणि नंतर कळवतो म्हणाला. काल नकाराचं कार्ड आलं. घराण्यात दोष आहे, असं लिहिलं आहे. तो दोष तुझ्या ओठाजवळ नाही, एवढं मला कळलं.

ही फुशारकी समजू नको. घरात कोण कोण, असं कुणी विचारलं तर तुझं नाव आधी यायला हवं होतं. ते उशिरा आलं. तेवढ्या उशिराबद्दल माफ करशील तर कर, नाही केलंस तरी माझं काही म्हणणं नाही.

होळीला येतो. दार तू उघड.

तुझा,
भाऊ