वर धरलेला हात

प्रिय रत्नपालदादा,

जय भीम. फोनवर आबांचं नाव निघालं की तुझं ‘बरं, ठेवतो’ ठरलेलं. व्हिडिओ पाठवावा तर आबांचं काही आलं की तू न बघताच पुसतोस, हे प्रेरणावहिनीनं मला सांगून ठेवलंय. म्हणून लिहायले. निदान कागदावर बोलणाऱ्या बहिणीला मधेच बंद करता येत न्हाई.

आधी हे वाच, की आबा आहेत. घाबरू नकोस. लकव्यानं उजवी बाजू लुळी पडली ती पडलीच, वाचाही परत आली न्हाई, पण डावा हात चालतो, भूक लागते, नातीवर डोळे वटारता येतात. मात्र महिना झाला, ते काहीतरी मागायलेत आणि जे मागायलेत ते माझ्याजवळ न्हाई. पाणी दिलं, गोळी दिली, कूस बदलली, आईचा फोटो हातात दिला. सगळ्याला मान हलवून न्हाई म्हणतात. आपल्याच बापाचं आपल्याला कळू नये, याच्यासारखं वाईट काही न्हाई रे. पहिल्यापासून सांगते. मी लांबण लावते म्हणून तू वैतागतोस, ते माहीत आहे, पण या खेपेला ऐकून घे.

आपली नौबादची सूतगिरणी उघडली. कामाला न्हाई, बघायला. बेंगळुरूच्या कुणी लोकांनी ती घेतली, भिंती धुतल्या, पाण्याच्या टाकीला निळा रंग दिला आणि गेटवर ‘नूलु’ अशी पाटी लावली. कन्नडात नूलु म्हणजे सूत. सूत सोडून आत सगळं मिळतं. कापसाच्या गोदामात चित्रं टांगलीत, गाठी उतरायच्या त्या ओट्यावर मातीची भांडी करून दाखवतात, जनरेटरच्या खोलीत कॉफी. एका रांगेत बिदरी कामाची दुकानं. रिकाम्या बॉबिनांचे दिवे केलेत, ते मात्र छान दिसतात, खोटं कशाला बोलू. आणि रीलिंग खात्यातली आपली महादेवीअक्का आठवते का, तिनं तिथं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा गाळा टाकलाय. तिनंच निरोप धाडला, की ज्ञानोबाअण्णाला एकदा घेऊन ये, घरातलं छत बघून बघून माणूस कुजतंय.

नेलं मग एका रविवारी. गेटवरचा माणूस मनगटाला कागदी पट्टा बांधल्याशिवाय कुणाला आत सोडेना. आबा चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या डाव्या हातानं खिसा चाचपायला लागले. मला वाटलं औषध शोधायलेत. मग ध्यानात आलं, ते गेटपास शोधत होते. जन्म ज्या गेटातून आत-बाहेर करण्यात गेला, तिथं त्यांच्या हाताला गुलाबी पट्टा बांधला. राग आला मला, पण काढायचा कुणावर? तो माणूस बिचारा ‘चाचा, संभालके’ म्हणत स्वतः खुर्ची ढकलत होता.

मोठ्या खात्यातली मशीनं भंगारात गेली. एकच ओळ ठेवलीय, तिला सोनेरी रंग फासलाय आणि भोवती साड्या, साबण, झुमके यांचे गाळे. तुझं मशीन त्याच ओळीत होतं, शेवटच्या खांबाजवळ. मधून मधून तिथं स्पीकरवर जुन्या मशीनचा आवाज लावतात, लोकांना गिरणी कशी होती ते कळावं म्हणून. लोक कानात बोटं घालून हसतात. आम्ही आत असताना तो आवाज सुरू झाला आणि आबा खुर्चीत ताठ झाले. त्यांनी शेवटच्या खांबाकडं बघितलं. डावा हात उचलला, अंगठा डाव्या भुवईवरून ओढला, मग पंजा उघडा करून डोक्याच्या वर धरला. धरला तो धरलाच. भरून आला तेव्हा आपोआप खाली पडला. जरा दम खाल्ला आणि परत तेच, भुवई आणि वर पंजा. आवाज बंद झाला तरी आबांचं चालूच. लोक गोळा झाले, फोटो काढायला लागले. एका पोरीनं टाळ्या वाजवल्या, तिला वाटलं हे तिथल्या लोकांनीच बसवलेलं नाटक आहे. तिथला मॅनेजर महेशकुमार, फार अदबीचा माणूस, मला विचारायला आला की आजोबा दर रविवारी येतील का, आपण खांबाजवळ त्यांच्या नावाची पाटी लावू. मी आबांच्या मांडीवरची शाल नीट करत बसले.

आता तर ते रोज सकाळी दाराकडं बोट करतात. न्हाई नेलं तर जेवत न्हाईत. नेलं की तिथं बसून दिवसभर तेच. खांदा सुजलाय, शेक देते रात्री. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधीही येऊ शकतो, जीवाला ताण देऊ नका. आता हा ताण मी कुठून बंद करू, सांग.

तुझ्या नि आबांच्या गिरणीतल्या खुणा मला कधीच आल्या न्हाईत. तुम्ही पाळीवरून यायचात आणि ताटावर बसून हातानंच बोलायचात, कान बधीर झालेले असायचे ना. आई म्हणायची, माझ्या घरात काय मुक्यांची सभा भरलीय का. तुम्ही हसायचात, आणि मला वाटायचं माझ्यावरच हसायलेत. मला कामून शिकवत न्हाई म्हणून मी रडले होते एकदा. तेव्हा आबा म्हणाले, तू शाळा शीक, ही भाषा तुझ्या वाट्याला नको. बाकी काही ऐकलं न्हाई त्यांचं, पण हे ऐकलं, आणि आज बसले तोंडाकडं बघत.

महादेवीअक्कानं वाचून दाखवलं मला. भाकऱ्या सोडून आली बिचारी. म्हणाली, गिरणीत आवाजापुढं नाव घेऊन हाक मारता यायची न्हाई, म्हणून जो तो खुणेनं ओळखला जायचा. तिची खूण नाकातली चमकी, आबांची कानाची पाळी, सुपरवायझरची पोटावर थाप. आणि भुवईवरून अंगठा म्हणजे तू. मुडबीच्या विहिरीवर पडून फुटलेली तुझी डावी भुवई. दादा, ते तुला हाक मारायलेत. मला हे ऐकूनच रडू आलं, मी पुढचं विचारलंच न्हाई. तिनं आपणहून सांगितलं. पंजा वर करून तसाच धरला तर ‘थांब’. वर करून खाली सोडला तर ‘चालू कर’.

तुला हे माहीतच आहे. मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की तू त्या दिवशी हाताला पांढरं गुंडाळून दारात उभा राहिलास आणि ओरडलास, की आबांनी चालू कर म्हणून खूण केली, मी बटण दाबलं, मशीनवर टेकवलेल्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. आबा कोपऱ्यात बसून होते. एक शब्द बोलले न्हाईत. मग तू हैदराबादला गेलास आणि आईच्या मातीला येऊन उंबऱ्यावरूनच परत फिरलास. आम्ही समजत राहिलो, की आबांनी चुकीची खूण केली.

अक्का म्हणते, खूण बरोबर होती. ती पलीकडच्या दारातून बघत होती. मशीनचं झाकण उघडं राहिलेलं तुझ्या बाजूनं दिसत नव्हतं, आबांच्या बाजूनं दिसत होतं. त्यांनी ‘थांब’ म्हणून हात वर केला आणि त्याच वेळी सुपरवायझर मधल्या वाटेनं आला. हातानं बोलताना सापडलं की गप्पा मारता म्हणून त्या पाळीची मजुरी कापायचे. म्हणून तो दिसला की सगळ्यांचे हात खाली, ही तुम्हा सगळ्यांच्या अंगात मुरलेली सवय. आबांचा हात आपोआप खाली आला. तुझ्या बाजूनं ते ‘चालू कर’ दिसलं. तुला हे कळलं असेलही. म्हणून तर तू मनात धरून बसला असशील, की साहेबाची भीती पोराच्या हातापेक्षा मोठी झाली. तुझं चुकलं असं मी कशाला म्हणू? तुझी बोटं गेली. आणि आबांनी तोंड असताना तोंड उघडलं न्हाई, आता उघडायला गेले तर तोंडच राहिलं न्हाई.

परवाचं एक सांगते. खाकी कपड्यातला नवा वॉचमन आला, मशीनला हात लावू नका म्हणून खेकसला, त्यांच्या अगदी समोर उभा राहून. आबांनी त्याच्याकडं बघितलं, मी बघत होते. हात खाली आला न्हाई. थरथरत होता, घाम फुटला होता, पण खाली आला न्हाई.

आता हे पत्र कामून लिहिलं ते. अक्का म्हणते, खूण मिळाली की समोरच्यानं हात वर करायचा, हा तुमचा नियम. तोवर खूण करणाऱ्यानं थांबायचं न्हाई. मी हात वर करून बघितला, आबांनी मान हलवली. अक्कानं केला, तिला बघून हसले आणि परत चालू. हाक ज्याची, उत्तर त्याचंच लागतं. मला तू त्यांना माफ केलेलं नको, घरी आलेला नको, माझ्या हातचा चहाही पिऊ नकोस. एकदा गाडीत बस, सरळ गिरणीत जा, शेवटच्या खांबाजवळ उभा राहा आणि तुझा उजवा हात वर कर. उरलेल्या बोटांचा चालेल. तेवढं दिसलं की त्यांना हात खाली घेता येईल. मला ते उत्तर देता येत असतं तर तुला सांगितलं नसतं, दादा.

त्यांचा खांदा शेकत बसलेली, तुझीच
संध्या