बिनटाक्याच्या गोळ्या

प्रिय शहनाज,

फोन करणार होते, पण तुझा फोन सूनबाई आधी उचलते आणि तुझा नातू साद तो स्पीकरवर टाकतो. म्हणून लिहितेय. पाच ओळी झाल्या की उठते, ओट्यावरून फिरून येते, परत बसते.

आपल्या तरुणपणीचे ते डॉक्टर आठवतात? तुझी दोन सिझर झालेली, पोटाला परत कुणी हात लावू नये एवढंच तुला हवं होतं. माझ्या दोन मुली, आणि सासूबाईंना नातू हवा; मला मात्र आणखी मूल नको होतं, म्हणून घरी न सांगता दोघी गेलो. “चिरणं नाही, टाके नाही, गर्भपिशवीत गोळ्या ठेवतो, कायमची सुटका,” असं ते म्हणाले. पुढच्या महिन्यात परत ठेवल्या. येताना बसमध्ये तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून कळ सोसत होतीस. सहा महिन्यांनी तपासायला बोलावलं म्हणून गेलो, तर दवाखान्याला कुलूप. शेजारचा म्हणाला, डॉक्टर गाव सोडून गेले. आपण हसत घरी आलो, कारण पाळी नीट होती, दिवस राहिले नव्हते. पुढे त्या गोळ्यांवर बंदी आली, हे मला आत्ता कळलं.

पाळी जाऊन माझी सात वर्षं झाली होती. पोळ्याच्या आसपास अचानक रक्त दिसलं. आमचे हे, लालसिंग, मला यवतमाळला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई आपल्या मुलींच्या वयाच्या. “मावशी, आधी काही केलं होतं का?” हे शेजारीच बसलेले. मी नाही म्हटलं. मग यांना चहाला पाठवलं आणि सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, “त्या गोळ्यांमुळे झालं असं मी म्हणू शकत नाही. नाही झालं असंही नाही. तुमच्यासारख्या बायकांना नंतर कुणी नीट तपासलंच नाही.”

पिशवीतला तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत मी भाकरी करपवत होते. शेवटी न राहवून यांना सांगितलं. बराच वेळ हे दोर वळत बसले. मग म्हणाले, “तवा सांगतलं असतं तर मी जाऊ देलं नसतं.” मी म्हटलं, म्हणूनच नाही सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आणायला माझ्याआधी तयार होऊन बसले. कॅन्सर नाही निघाला. तरी दर सहा महिन्यांनी दाखवायचंय.

मागच्या आठवड्यात तू फोनवर हसत म्हणालीस, “या वयात परत सुरू झालं बघ, जवान झाले मी.” तेवढ्यात कुणीतरी आलं आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून मला झोप नाही. ती पाळी नाही, शहनाज. डॉक्टरीणबाईंना तुझं नाव नाही सांगितलं, फक्त आणखी एक जण आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, घेऊन या. बुधवारी सकाळच्या बसने मी पांढरकवड्याला येते. तुझ्या घरधन्याला, मोहिउद्दीनभाईंना काय सांगायचं ते तू ठरव, काही सांगितलं नाहीस तरी चालेल. पण तयार राहा. तुला घेतल्याशिवाय मी परत जाणार नाही.

तुझीच,
ममता