राणीचं मधलं वेत

३ ऑगस्ट १९७६, मंगळवार
सांगलीहून कार्ड आलं. शुक्रवारी जनावरांचे सरकारी डॉक्टर तपासणीला येणार. इथली पिल्लं घरी नेली की मरतात, अशी कुणीतरी तक्रार केलीय. हे पलटणीत कुत्री सांभाळायचे, पेन्शनीत आल्यावर अल्सेशियनची पिल्लं विकायचा धंदा मांडला. पण पलटणीतल्या कुत्रीला सुटी तरी मिळत असेल!

राणीची दीड वर्षात तीन वेतं झाली. बरगड्या मोजून घ्याव्यात. तरी येत्या माजाला पुन्हा नर दाखवायचाच, म्हणतात. मी विचारलं, मेली म्हणजे?

"मरतीया कशानं? रोज अंडं घालतोय की तिला."

४ ऑगस्ट
वेतांची वही मीच लिहिते, माझं अक्षर बरं म्हणून. आज हे म्हणाले, "मधलं वेत जाईच्या नावावर टाक, म्हंजी राणीची दोनच दिसतील." जाई ही दुसरी कुत्री, ती तर एकदाही व्याली नाही! लिहिलं. नवं पान, खोट्या तारखा. लाज वाटली.

त्यात आत्यांचं चालूच — "चार पोरी झाल्या, आता नातवाचं तोंड दावा." मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीच्या वेळी बजावलंय, पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल. यांना सांगितलं होतं. हसले.

५ ऑगस्ट
दिवसभर कुत्र्यांच्या खोल्या फिनेलनं धुणं.

६ ऑगस्ट, शुक्रवार
डॉक्टरसाहेब आले. पाण्याची भांडी बघितली, खोल्या टेपनं मोजल्या, वही चाळली. मग जाईला उताणी करून थानं बघितली.

"ही व्यालीय?"

"व्हय सायेब, एक बारी," हे म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "वही कुणी लिहिली?"

"मी."

"मग तुम्ही सांगा."

हे माझ्याकडे डोळे वटारून उभे. राणी धापा टाकत माझ्या पायाशी येऊन बसली. तोंडातून निघूनच गेलं — "तिन्ही वेतं राणीची. मी खोटं लिहिलंय."

साहेबांनी कागद केला. दोन वर्षं राणीला नर दाखवायचा नाही, दाखवला तर खटला. शिक्का मारला. खाली यांची सही घेतली.

७ ऑगस्ट
आत्या म्हणाल्या, "नवऱ्याची अब्रू घालीवलीस की गं!" घालवली! राणी ओट्यावर पाय ताणून झोपलीय. मी दोनदा उठून बघून आले.

१९ ऑगस्ट
पाळी चुकून अठरा दिवस झाले. घरात कुणाला बोलले नाही. गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना गाठलं — म्हणाल्या, आता कायद्यानं गर्भ काढून घेता येतो. उद्या एकटीच मिरजेला जाते. नवऱ्याची सही लागत नाही. दोनदा विचारून घेतलं.