रुळांवर बंद पडलेली गाडी

मंगळवार, संध्याकाळ

राग अजून उतरत नाही. सकाळी आईला डोळे दाखवायला गोंदियाला नेत होते. फाटक ओलांडताना ऐन रुळांवर गाडी बंद पडली. नवी घेतल्यापासून तीन महिन्यांत चौथ्यांदा. गुडघ्यांमुळे आईला पटकन उतरताही येईना. फाटकवाल्याने दोघा मोटरसायकलवाल्यांना हाक मारून गाडी ढकलायला लावली, म्हणून वाचलो.

गाडी कशीबशी सुरू झाली, तशी आईला घेऊन थेट शोरूमला गेले. मॅनेजरसमोर इंजिनमधली ऑइल मोजायची पट्टी काढून धरली. मागच्याच महिन्यात ऑइल भरलं होतं, पट्टी जवळजवळ कोरडी. तो हसला. "मॅडम, इतना तो हर गाडी पीती है. नॉर्मल है."

नॉर्मल! आई रुळांवर अडकली, तेही नॉर्मल?

मी भांडणार, तेवढ्यात आईच त्याला म्हणाली, "मंग तूच चालव ना बाबू. कायले भेतं?"

नाइलाजाने तो चालवायला बसला. भर चौकात गाडी बंद. मागे ट्रकचे हॉर्न, हा किल्ली फिरवून फिरवून घामाघूम. गाडी ढकलत परत आणली, तेव्हा कुठे त्याने इंजिन उघडून तपासायचं सहीनिशी लिहून दिलं.

गाडी तिथेच ठेवून आम्ही एसटीने घरी आलो. मी तीन महिने सांगत होते ते खोटं, आणि याला पाच मिनिटांत घाम फुटला की ते खरं? असं का?