बाई, खुर्ची आणि खिडकी जागची हलवण्याबाबत

हे मृत्युपत्र मला लिहावे लागत आहे, कारण नगरपालिकेने मला वारसास्थळ ठरवले आहे आणि तिच्या नियमांत मला परवानगीशिवाय मरण्याची सोय नाही.

मी, या घराच्या पहिल्या मजल्यावर टंकलेखनाची कामे करणारी, शास्त्र शाखेची पदवीधर, विधवा, मूलबाळ नाही, हा मजकूर पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपणाखाली येण्याची मला सवय नाही. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडलेला नाही, कारण माझ्या बाबतीत आता डॉक्टरांचा चालत नाही, इंजिनिअरचा लागतो. तो पुढे येईल.

हकीकत अशी. आमची गल्ली रस्तारुंदीत जाणार होती. तळमजल्यावरच्या शिंप्याने हरकतीचा अर्ज करायचे मनावर घेतले. लोक ज्या खुणेवरून पत्ता सांगतात ती खूण जुनी असेल तर हलवता वा पाडता येत नाही, असा नियम आहे. आमच्या गल्लीत अशी खूण कोणती, यावर माझ्याच जिन्यात बराच खल झाला. शेवटी शिंप्याने सांगितले आणि मी टाइप केले: "पहिल्या मजल्यावरील खिडकी, तीत खुर्चीवर बसून टाइप करणारी बाई आणि मशीनचा आवाज." माझ्या धंद्याचा शिरस्ता आहे. गिऱ्हाइकाचे शुद्धलेखन सुधारायचे, म्हणणे नाही. मी कार्बन घालून प्रती काढल्या आणि पुढचे काम घेतले.

गल्ली वाचली. मी अडकले.

माझ्या धाकट्या बहिणीने दुसऱ्या गावी तिच्या घरात माझ्यासाठी तळमजल्यावरची खोली रिकामी करून ठेवली आहे. माझे गुडघे जिना चढू देत नाहीत आणि तिला एकटीला जेवण जात नाही. म्हणून मी स्थलांतराचा अर्ज केला. वारसा समितीचे निरीक्षक आले. सभ्य माणूस, पण नियमाबाहेर श्वासही घेत नाही. हलवायचे तर प्रत्येक भागावर क्रमांक टाकून तो सुटा करावा लागेल आणि नव्या जागी त्याच दिशेला तोंड करून पुन्हा जोडावा लागेल, असे त्यांनी सांगितले. खडूने खुर्चीवर एक लिहिले, मशीनवर दोन. मग माझ्याकडे पाहून घुटमळले.

"तीन धरा आणि पुढे चला," मी म्हटले.

बहिणीची खिडकी उत्तरेला निघाली, इथली पूर्वेला आहे. अर्ज नामंजूर.

मग मी मोडकळीस आल्याच्या दाखल्यासाठी अर्ज केला. इंजिनिअर आला. त्याने हातोडीने आधी भिंत वाजवली, मग माझा गुडघा, आणि लिहून दिले: "पाया खचलेला, वरचे बांधकाम भक्कम, दुरुस्तीस योग्य." हाही नामंजूर. उद्या मी मेले तर काय, असे विचारल्यावर निरीक्षकांनी नियम चाळले.

"ते विनापरवाना पाडकाम धरलं जाईल, बाई. दंड वारसांना."

माझी वारस बहीण. एक खोली रिकामी केल्याबद्दल तिला दंड होणार असेल तर मी स्वस्थ बसणार नाही. सबब पुढीलप्रमाणे व्यवस्था करीत आहे.

कलम एक. बँकेतील ठेव, दोन बांगड्या आणि माझे सगळे कपडे बहिणीला. कपडे मी स्वतः घालून नेणार आहे.

कलम दोन. कागदावर ओळी आखायची माझी लोखंडी पट्टी शिंप्याला. उसनी नेल्यापासून ती त्याच्याकडेच आहे, वाकवलेली. यापुढे त्याने गल्ली वाचवायची झाल्यास स्वतःला लिहून द्यावे.

कलम तीन. खिडकी, खुर्ची, मशीन आणि वारसास्थळाचा हुद्दा माझ्या धाकट्या जावेला.

याचा खुलासा करणे भाग आहे. घराच्या वाटणीत उजेडाची खोली मला आली, तिला मागची, भिंतीकडे तोंड असलेली. तेव्हापासून ती माझ्याशी दूध उतू गेले एवढेच बोलते, तेही उतू गेल्यावर. पण समितीच्या नियमात आहे की जीर्ण भाग त्याच घरातील, त्याच काळातील साहित्याने बदलता येतो. आम्ही दोघी एकाच मांडवातून या घरात आलो. नियमात बसणारे दुसरे साहित्य घरात नाही.

मी तिच्या दारात जाऊन विचारले. बसलीस की उठता येणार नाही, हेही सांगितले.

"मागच्या खोलीतून तरी कुठे गेले मी?" ती म्हणाली. "विचारायला बराच वेळ लावलात, ताई."

"तुला टाइप येत नाही."

"आवाजच काढायचाय ना? तो मी जन्मभर भिंतीआडून ऐकलाय."

तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोटांनी वाजवून दाखवले. ओळ संपल्यावर मी घेते तो श्वाससुद्धा तिने बरोबर घेतला. मी दूध उतरवले.

कलम चार. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, तोवर मी थांबणार नाही. समितीच्या आदेशात मला "कायमस्वरूपी" म्हटले आहे. कायमस्वरूपी वस्तूला मरण नसल्याने तिचे मृत्युपत्र सहीच्या दिवसापासून लागू धरावे, असे निरीक्षकांनी मान्य केले. ते मी तिथल्या तिथे टाइप केले आणि त्यांची सही घेतली. मशीनवर माझे शेवटचे काम तेच.

ठिकाण: वर वर्णिलेली खिडकी. तारीख: आज, मंगळवार, सकाळची बस सुटण्यापूर्वी.

सही: क्रमांक तीन.
साक्षीदार: तळमजल्याचा शिंपी, वारसा समितीचे निरीक्षक.

ताबा दिल्याची नोंद: खुर्ची एक, डावा पाय आखूड, खाली पुठ्ठा. मशीन एक, जोरात मारल्यास चालते. खिडकी एक, उजेडासह. किल्ली एक. चष्मा दिलेला नाही, तो मला लागतो. घेणार: धाकटी जाऊ, अंगठा नव्हे, सही. तिला लिहिता येते, हे मला आज कळले.

निरीक्षकांचा शेरा: रस्त्यावरून पाहणी केली. जुन्या छायाचित्राशी ताडून पाहिले. आवाज ऐकला. स्थळात फरक आढळला नाही.

शेरा मी बसला निघताना वाचला. मान्य.