पिवळं पत्रक आणि पांढरं पत्रक

चोपडा, बुधवार, दिवेलागणीनंतर

गावातले पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे आहेत. मी त्यांच्या कार्यालयात याद्या करते, असं आईला वाटतं. खरं तर त्यांची पत्रकं मी लिहिते. पिवळं जुन्या गावात वाटायचं: घरपट्टी निम्मी करू. पांढरं कॉलनीत: पक्की गटारं, रोज पाणी. "ज्याला जे हवं ते सांगायचं ताई, यालाच प्रचार म्हणतात," असं भाऊ म्हणाले होते. मला ते पटलं होतं. की पटवून घेतलं?

आम्ही राहतो जुन्या गावात, पण आई भांडी घासायला कॉलनीत जाते. आज तिने पांढरं पत्रक घरी आणलं आणि पिवळ्याशेजारी ठेवलं. "वाच." घरात वाचता येणारी मी एकटीच. दोन्ही वाचली.

आई हसली. "पट्टी निम्मी व्हई, मंग गटार कोना पैसावर बांधतीन? लिखनारा मोठा हुशार शे!"

सरकारकडून अनुदान येईल, म्हणावं? येईल का, ते मलाच ठाऊक नाही. भाऊंना तरी असेल का? पिवळं एकटं वाचलं की खरं वाटतं. पांढरंही.

"तू सांगशी तठेच बटन दाबसू," म्हणत ती भाकरी थापायला बसली. रेशनकार्डापासून दवाखान्याच्या चिठ्ठीपर्यंत, मी वाचलेलं सगळं तिने खरं मानलं आहे.

पिवळं पांढऱ्याखाली ठेवलं. परत वर काढलं. शेवटी तिच्याजवळ जाऊन बोलले, "आई, ती दोन्ही मीच लिहिली."

तिचा हात थांबला. मग अगदी निर्धास्तपणे म्हणाली, "मंग तुले माहीतच व्हई, कोनतं खरं शे."